लाभ, दोन, तीन

नथानियल कासूकर पेणच्या स्टेशनावर उतरला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "मी इस्राएलहून आले. मला मिरियमबायच्या घरी सोड." रिक्षावाल्याने आधी त्याच्या दाढीकडे पाहिलं, मग त्याच्या मागे कोणी बाई उभी आहे का ते वाकून पाहिलं. बाई नव्हती. मग त्याने मुकाट्याने ट्रंक आत ठेवली.

यात नथानियलचा दोष नव्हता. त्याचा जन्म तिकडे वाळवंटातल्या एका गावातला. आईबाप दोघंही कारखान्यात, आणि पोराला वाढवलं पेणहून गेलेल्या आजीने. आजी "मी जाते, मी जेवले" म्हणायची, म्हणून नातूही तेच म्हणायचा. आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या यहुद्यांची, कोकणातली बहुतेक घरं अशी उठून गेलेली. मागे उरलेल्या मूठभर लोकांना हिब्रू वाचायला आणि धर्म नीट पाळायला शिकवावं, म्हणून जेरुसलेमच्या एका संस्थेने त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं. साल चौऱ्याण्णव, वय तेवीस. तेवीस वर्षांच्या माणसाला धर्म जेवढा स्वच्छ कळतो तेवढा पुढे आयुष्यात पुन्हा कधी कळत नाही.

मिरियमबाय ही सत्तरीची विधवा. तिने त्याला माडीवरची खोली दिली. समोरच गणपतींचा कारखाना होता आणि श्रावण चालू होता. खिडकी उघडली की दोनशे गणपती ओळीने दिसायचे. मूर्तींकडे बघायचं नाही म्हणून या नव्या मास्तरांनी खिडकी लावून घेतली आणि दोन दिवस घामाने निथळत काढले. तिसऱ्या दिवशी मिरियमबाय चहा घेऊन वर आली आणि खिडकी सताड उघडून म्हणाली, "अजून डोळे आखले नाय त्यांचे. ते तुला बघत नाय, मग तू कशाला लाजतोस?"

हळूहळू तो रुळला. पहाटे उठून प्रार्थना करायचा, तेव्हा त्याला खरोखर भरून यायचं. आपले खापरपणजे याच मातीत तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, पुस्तक हरवलं तरी शनिवार त्यांनी हरवू दिला नाही, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं होतं. आता तो इथे बसून त्यांच्यासाठी पुस्तक उघडत होता. सकाळी दोन पोरांना अक्षरं शिकवायची, दुपारी घरोघर जाऊन दुधाची भांडी मटणाच्या भांड्यांपासून वेगळी आहेत ना ते बघायचं, आणि संध्याकाळी मिरियमबायकडून मराठीचा मार खायचा. "चुकले नाय, चुकलो म्हण. पुरुष हायेस ना तू?"

शुक्रवारी तो दुपारच्या पॅसेंजरने रोह्याला जायचा. वाटेत कासू यायचं. आडनावात वागवलेलं गाव गाडी दोन मिनिटं थांबवून दाखवायची आणि पुढे जायची. रोह्याला आमची छोटी मशीद होती. सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणतात. तिची किल्ली ऐंशी वर्षांच्या एलिजाकाकाकडे असायची. नथानियल शनिवारी त्याच्याकडेच राहायचा. एलिजाकाका आणि त्याचा मुलगा जोनाथन, असे दोघंच त्या घरात. जोनाथन सेहेचाळीस वर्षांचा, केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा, बिनलग्नाचा. मशिदीची झाडलोट, दिव्याचं तेल, बाकांची डागडुजी, सगळं त्याच्याकडे.

महिन्यातून एका शनिवारी पुरी प्रार्थना व्हायची. त्यासाठी दहा पुरुष लागतात. दहा नसले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. त्यातली एक कद्दीश, मेलेल्या बापामागे मुलाने उभं राहून म्हणायची ती. पेणपासून कोलाडपर्यंत हुडकून बरोबर दहा निघायचे. एलिजा, जोनाथन, नथानियल आणि आणखी सात. अकरावा कुठेही नव्हता.

माणसं मोजू नयेत असं आमच्यात आहे. नथानियल त्यासाठी दहा शब्दांचं एक वचन शिकून आला होता. एकेका शब्दाला एकेक माणूस. एलिजाकाकाने ते वचन ऐकून घेतलं, चांगलं आहे म्हणाला आणि आपल्याच पद्धतीने मोजत राहिला. तो जन्मभर घाण्यावर तीळ मापणारा माणूस. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एलिजाकाका दारात उभा राहायचा, जवळ उभ्या असलेल्या जोनाथनच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "लाभ." मग "दोन, तीन, चार" करत दहापर्यंत यायचा आणि आत वळायचा. वीस वर्षांत त्याने सुरुवात दुसऱ्या कुणापासून केली नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला म्हाताऱ्याचा आवाज बसायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी घशातलं दुखणं सांगितलं आणि वयाकडे बघून परत पाठवलं. एलिजाकाकाने नथानियलला जवळ बसवून घेतलं.

"कार्तिकात माझ्या बापाचा दिवस हाय," तो म्हणाला. "दरवर्षी कद्दीश मी म्हणतो. यंदा माझ्या जागी जोनाथन म्हणेल. त्याला शिकव."

"तुम्ही बरे व्हाल, काका."

"बरा होऊन करू काय? माझ्यामागं तो कसा म्हणेल ते मला ऐकायचंय. मेल्यावर कान नसतात, पोरा."

तर नथानियलनेच शिकवलं. जोनाथनला हिब्रू अक्षरं येत नव्हती; त्याने शाळेच्या वहीत देवनागरीत सगळं उतरवून घेतलं. शिफ्टवरून आला की हातपाय धुऊन समोर बसायचा आणि आपल्या निम्म्या वयाच्या पोराला मास्तर म्हणत एकेक शब्द घोकायचा. त्याची जीभ जड होती. आठवडे गेले. दिवाळी झाली तेव्हा एका दमात, कुठेही न अडता, त्याने पहिल्यांदा अख्खी कद्दीश म्हटली. आतल्या खोलीत एलिजाकाका खोकला तोंडात धरून ऐकत होता, पण ते घरातलं ऐकणं झालं. दहा जणांत, मशिदीत, उभ्याने ऐकायचं अजून बाकी होतं.

कद्दीशच्या त्या शनिवारच्या आधी, गुरुवारी नथानियल रोह्याला आला तो संस्थेचा फॉर्म घेऊन. प्रत्येक कुटुंबाची माहिती जेरुसलेमला पाठवायची होती. नाव, वय, आईचं नाव, आईच्या आईचं नाव. जोनाथन ओट्यावर दिव्याच्या काचा पुसत बसला होता.

"दादा, आईचं नाव?"

"बायजा."

"आणि तिच्या आईचं?"

"गिरजाबाई. खांब गावच्या त्या. कुणबी." जोनाथनने काच उजेडाकडे धरून बघितली. "मामा हाय अजून खांबला. बाबाजी मामा. त्याचंही नाव लिहायचं का?"

नथानियलचं पेन थांबलं. अख्ख्या रोह्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. आमचा धर्म आईकडून येतो. आई यहुदी नसेल तर पोर यहुदी नाही.

"आईने लग्नाच्या वेळी धर्म घेतला होता? रीतसर? पाण्यात बुडी मारून, तीन जाणत्यांच्या समोर?"

"रीतसर ते मला ठाऊक नाय, मास्तर. आई शनवारी चूल पेटवत नव्हती. मरेपर्यंत नाय पेटवली."

तेव्हा नथानियलला फॉर्म मिटता आला असता. रकाना कोरा ठेवता आला असता. निदान तो शनिवार जाऊ देता आला असता. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या माणसाला थांबता येत नाही. रात्रंदिवस त्याने पुस्तकं चाळली आणि पुस्तकांनी त्याला हवं तेच सांगितलं.

शनिवारी सकाळी सगळे जमले. पेणचे दोघं पहिल्या एस्टीने आले होते. शनिवारी गाडीत बसणं आमच्यात मोठं पाप, पण ते न येते तर दहा भरले नसते, म्हणून मास्तरांनी एस्टी पाहिली नाही. एस्टीचं पाप त्याने पोटात घातलं. बायजा मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

एलिजाकाका पांढरी टोपी घालून दारात उभा राहिला. आवाज चिरकत होता, तरी त्याने जोनाथनच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाभ."

"काका," नथानियल म्हणाला, "जोनाथनदादांना धरता येणार नाही. त्यांची आई आपल्यातली नव्हती. आपण नऊच आहोत. आज कद्दीश होणार नाही."

त्या वाक्यांत त्याचं मराठी कुठेही चुकलं नाही.

पेणचा पोपट पेणकर, जो एस्टीने आला होता, तो जमिनीकडे बघत राहिला. एलिजाकाकाचा हात खांद्यावरच होता. जोनाथननेच तो हळूच उचलून खाली ठेवला. खिशातून ती वही काढून नथानियलच्या हातात दिली, चपला घातल्या आणि पायरीवर जाऊन बसला. आत आठ जणांनी आपापल्यापुरती प्रार्थना पुटपुटली. नववा, एलिजाकाका, पुस्तक न उघडता बसून होता.

दुपारी जेवायला जोनाथननेच वाढलं. शुक्रवारी शिजवून गोधडीत गुंडाळून ठेवलेला भात आणि वालाचं बिरडं. नथानियलच्या ताटात त्याने नेहमीसारखा भाताचा दुसरा डाव घातला. म्हणाला, "जेवा मास्तर, उन्हाचं आलात." तो चिडला असता, ताट आदळलं असतं, तर नथानियलला घास गेला असता.

जेवण झाल्यावर एलिजाकाकाने विचारलं, "माझ्यामागं कोण म्हणेल?"

"मी म्हणेन, काका."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पत्ता विचारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. "तू माझा कोण?"

ही गोष्ट पेणला नथानियलच्या आधी पोचली. मिरियमबायने त्याचं जेवण बंद केलं नाही, पण मराठी शिकवणं बंद केलं. तो मुद्दाम एकदा म्हणाला, "मी भात घेते." ती म्हणाली, "घे." बस्स.

शेवटी त्याने बाजारातल्या एसटीडी बूथवरून बापाला फोन लावला. मनातून त्याला शाबासकी हवी होती. खरं तर त्याने तिथेच फोन करायला नको होता. साठ-बासष्ट साली आमचे लोक तिकडे गेले तेव्हा तिथल्या मोठ्या धर्मगुरूंनी त्यांनाच हा प्रश्न विचारला होता: तुमची आई कोण, तिची आई कोण, मध्ये कोणी परकी घुसली नाही कशावरून? लग्नं अडली होती. नथानियलचा बाप बायकापोरांसकट रस्त्यावर धरणं धरून बसलेल्यांपैकी एक. ती गोष्ट नथानियल दर सणाला ऐकत आला होता आणि दर वेळी त्याच्या मुठी वळत होत्या.

बापाने सगळं ऐकून घेतलं. बूथच्या मीटरवर लाल आकडे पळत होते.

"त्याला कुठल्या भाषेत विचारलंस?"

"मराठीत."

मग बाप म्हणाला, "आम्हाला निदान परक्या भाषेत विचारलं होतं," आणि फोन ठेवला.

तिथून पुढे नथानियलची झोप गेली. प्रार्थनेला उभा राहिला की शब्द यायचे, पण ते आता कुठे पोचत नव्हते. ज्या देवासाठी आपण हे केलं तो आपल्याकडे बघायचं टाळतो आहे असं त्याला वाटायचं. समोरच्या कारखान्यात आता नुसत्या मातीचे ढीग आणि रिकामे साचे होते, तरी त्याने खिडकी पुन्हा लावून घेतली. त्याने संस्थेला पत्र लिहिलं, काही वाट आहे का म्हणून विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नियम आपणास ठाऊक आहे, आपण योग्य तेच केलेत. ते "योग्य" त्याला शिवीसारखं लागलं.

मग जाऊन माफी का मागितली नाही? मागणार होता. दर शुक्रवारी गाडीत बसताना तो ठरवायचा की आज बोलायचं, आणि नागोठणं गेलं की म्हणायचा, पुढच्या खेपेला. जोनाथन आता मशीद झाडून, दिव्यात तेल घालून माणसं यायच्या आत निघून जायचा. पुढच्या महिन्याच्या शनिवारी एलिजाकाका पुन्हा दारात उभा राहिला. आवाज पार गेला होता. त्याने आधी आपल्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेवर हात धरला, ओठ हलवले आणि मग पुढच्याच्या खांद्याला हात लावला. नथानियलने ते पाहिलं. त्याच वेळी पायरी उतरून, घरी जाऊन जोनाथनला बोलावून आणलं असतं तर एलिजाला धरून दहा झाले असते, आणि म्हाताऱ्याने आपल्या कानांनी ऐकलं असतं. नथानियल पुस्तकातलं पान शोधत राहिला. माणूस चूक करतो ती एकदा. मग तीच चूक सांभाळत बसतो, तिचा जाच जास्त.

पौषातल्या एका शुक्रवारी, सकाळी अकराला, मिरियमबाय माडी चढून आली. "एलिजा गेला," ती म्हणाली. "सूर्य बुडला की शनवारचा शब्बाथ लागेल, त्याच्या आत मूठमाती द्यायला हवी. मुंबईचं, अलिबागचं कोणी पोचणार नाय. तू जा."

गाडीत नथानियल दारातच उभा होता. कासू आलं आणि गेलं. बाहेर कापलेल्या भाताच्या शेतांत वाल टरारून आला होता. त्याने मनाशी पक्कं केलं: आज जोनाथनला धरायचं. संस्थेला जे वाटायचं ते वाटो, तिकडे जाऊन काय उत्तर द्यायचं ते देऊ. नागोठणं गेलं तरी त्याने बेत बदलला नाही. कित्येक आठवड्यांनी त्याला जरा श्वास आल्यासारखं झालं. ती वही त्याच्या खिशात होती.

कबरस्तान नदीच्या अंगाला. खड्डा जोनाथननेच खणला होता. गुडघ्यापर्यंत माती लागलेली. दगडी गडग्याच्या बाहेर खांबची माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून उभी होती, सगळ्यांत पुढे म्हातारा बाबाजी मामा. त्यानेच कधी काळी बहिणीचा दहावा नदीवर घातला होता आणि आता मेहुण्याला पोचवायला आला होता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एलिजाकाका खाली उतरवला गेला. मुलाने तीन ओंजळी माती टाकली आणि तो मागे सरकत सरकत गडग्यापाशी, कुणब्यांच्या जवळ जाऊन उभा राहिला.

नथानियल त्याच्याकडे चालत गेला. सगळे बघत होते.

"मी चुकले, दादा," तो म्हणाला.

ते ऐकून आज कोणी हसलं नाही. जोनाथनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. नथानियलने त्याचा हात धरून त्याला कबरीपाशी आणलं, खिशातली वही त्याच्या हातात दिली आणि एलिजाकाका ठेवायचा तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाभ," नथानियल मोठ्याने म्हणाला.

मग पोपट पेणकरच्या खांद्यावर. "दोन." मग पुढचा. "तीन. चार. पाच." सगळ्यांनी आपणहून खांदे पुढे केले. "सहा, सात, आठ." राहिला तो स्वतः. त्याने आपल्या छातीवर हात ठेवला.

"नऊ."

तो थांबला. त्याने वळून पाहिलं, कोणी मागे राहिलं का म्हणून. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, या वेळी मनात आणि घाईघाईने, आणि पुन्हा नवावरच आला. वीस वर्षं मोजणारा माणूस स्वतःलाही धरून मोजायचा, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दहावा समोर मातीखाली होता.

सूर्य कलला होता. शब्बाथ लागायला फार वेळ नव्हता.

"तरी म्हण, दादा," नथानियल म्हणाला. "कोणी काही म्हणणार नाही. मी सांगते, तू म्हण."

जोनाथनने वही उघडली नाही. ती त्याने पुसून, सरळ करून, पुन्हा नथानियलच्या हातात ठेवली.

"नऊ जणांत कद्दीश म्हणत नाय, मास्तर," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

आणि त्याने फावडं उचललं आणि उरलेली माती लोटायला सुरुवात केली.